पर्यटकांच्या भरवशावर वर्ध्यानं जगायचं?

वर्धा जिल्ह्याच्या विकासाचा विषय निघाला की एक सवाल हमखास कानावर येतो. तुमच्याकडे सेवाग्राम आहे, पवनार आहे, बोरचा वाघ आहे, मग पैसा का नाही? सवाल करणाऱ्याजवळ उत्तरही तयार असतं. शेतीत आता राम उरला नाही, पर्यटनाकडे वळा. घरातल्या दोन खोल्या रंगवा, होमस्टेची पाटी लावा. पोरांना गाइड करा, बायकांना झुणका-भाकरीच्या स्टॉलवर बसवा. समृद्धी महामार्ग झाला, शक्तिपीठही होईल, गाड्या येतील आणि त्यांच्यामागून पैसा येईल. एवढं सगळं दाराशी असून ज्याचं भागत नाही तो आळशी, त्याला धंदा कळत नाही, विदर्भातल्या माणसाला कष्टच नकोत, असा निकालही लगेच लागतो.

हे मत सरकारी सादरीकरणात असतं, पुढाऱ्यांच्या भाषणात असतं, लग्नाच्या पंगतीतही असतं. ते इतकं रुळलंय की त्याला कोणी पुरावा मागत नाही. मागायचाच असेल तर बोरगाव मेघेत मागावा.

बोरगाव मेघे वर्धा शहराला खेटून आहे. सेवाग्रामचा आश्रम आणि पवनारला धाम नदीच्या काठावरचा विनोबांचा आश्रम इथून सकाळी निघून दोन्ही पाहावेत आणि दुपारच्या जेवणाला घरी यावं इतके जवळ. गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप, मगन संग्रहालय, 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी दलितांना खुलं केलेलं लक्ष्मीनारायण मंदिर ही ठिकाणं तर वर्ध्यातलीच. बोर व्याघ्र प्रकल्पाचं बोरधरणचं फाटक तासाभराच्या वाटेवर. पर्यटनावर गावं जगतात हे खरं असेल तर ते सर्वांत आधी इथं दिसायला हवं. प्रत्यक्षात काय दिसतं? शहरातल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत कामाला जाणारी माणसं, बांधकामावरचे गवंडी आणि बिगारी, भाड्यानं दिलेल्या खोल्या, किराणा, मेस, शाळेची पोरं नेणारे ऑटो. ज्याच्याकडे वावर उरलंय त्याचा कापूस आणि सोयाबीन. पर्यटकांच्या पैशावर पेटणारी चूल मात्र शोधत फिरावी लागते.

म्हणून ही माणसं आळशी ठरतात का? शेजारच्या सावंगी मेघेकडे बघा. तिथं मोठं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. सेवाग्रामला 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, कस्तुरबा रुग्णालय तर त्याआधीपासून आहे. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीपासून ते तेलंगणातल्या आदिलाबादपर्यंतचा रोगी इथं येतो. रोग्याबरोबर दोन नातेवाईक येतात आणि ते आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस मुक्कामाला असतात. त्यांना खोली लागते, डबा लागतो, चटई, बादली, गरम पाणी लागतं, रात्री-बेरात्री ऑटो लागतो. विद्यार्थी तर वर्षानुवर्षं राहतात. या माणसांच्या गरजेतून आसपासच्या गावांत खोल्या बांधल्या गेल्या, खानावळी निघाल्या, दुकानं लागली. कोणतंही धोरण जाहीर झालेलं नसताना, कोणी शिबिरं घेतली नसताना लोकांनी हे उभं केलं. गिऱ्हाईक मुक्कामाला आलं तर इथल्या माणसाला धंदा बरोबर कळतो, याचा आणखी काय दाखला हवा?

पर्यटक मुक्कामालाच येत नाही, हे खरं दुखणं आहे.

हिवाळ्यात एखाद्या सकाळी सेवाग्रामच्या आश्रमासमोर उभं राहिलं की सगळा हिशेब डोळ्यांपुढे येतो. सहलीची बस येते. मास्तर दारात उभं राहून डोकी मोजतात. पोरं रांगेनं आत जातात, आदिनिवास, बा-कुटी, बापू-कुटी पाहतात, बापू-कुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीत उठवलेली खजुराची झाडं आणि चरखा पाहून एकमेकांना कोपरानं ढोसतात, आणि झाडाखाली बसून घरून आणलेले डबे उघडतात. बाहेर एखादी बाई टोपलीत बोरं आणि पेरू घेऊन बसलेली असते. मास्तर सांगतात, बाहेरचं खायचं नाही. तास-दीड तासात बस पवनारकडे वळते आणि संध्याकाळच्या आत नागपूरच्या वाटेला लागते. आश्रमात जायला पैसे पडत नाहीत आणि पडूही नयेत. पण त्या बसच्या डिझेलचे पैसे कुठं गेले, गाडीभाडं कुठं गेलं, जेवणाचे पैसे कुठं गेले हे विचारलं तर त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सेवाग्राम किंवा बोरगाव असं येत नाही. नागपूर इथून जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर. रेल्वेनं सकाळी यावं, सायंकाळी परतावं. अशा ठिकाणी रात्रीच्या मुक्कामासाठी घरातल्या खोल्या कर्ज काढून सजवायला सांगणं म्हणजे जोखीम कोणाच्या गळ्यात बांधणं आहे? हप्ता सल्ला देणारा भरत नाही.

त्यातही वर्षाचे महिने मोजा. सहलींची गर्दी दिवाळीपासून जानेवारी अखेरपर्यंत, शिवाय 2 ऑक्टोबरसारखे ठरावीक दिवस. एप्रिल-मे महिन्यांत वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा इथलाच माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत बंद. पोट तर बारा महिने असतं.

वाघाचं गणित आणखी स्पष्ट आहे, फक्त ते कोणी मांडत नाही. बोरला 1970 मध्ये अभयारण्याचा आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा क्षेत्र जवळपास 138 चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. सफारीच्या फेऱ्या सकाळ-दुपार दोनच, आत जाणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली, आणि ती ठरलेलीच असली पाहिजे, नाहीतर वाघ राहणार नाही. म्हणजे गाइड किती लागणार आणि जिप्सीचालक किती लागणार, यावर पहिल्या दिवसापासून मर्यादा आहे. ज्या धंद्याचं यश गर्दी आवरण्यावर अवलंबून आहे, तो धंदा अख्ख्या तालुक्याच्या तरुणांना काम देईल असं छातीठोक सांगणाऱ्यानं हा आकडा एकदा कागदावर मांडून दाखवावा. गाइडचं काम चांगलं आहे, मानाचं आहे, आणि हिंगणी-बोरधरणच्या पोरांनाच ते मिळायला हवं. पण त्या मोजक्या नावांच्या यादीला जिल्ह्याची रोजगार योजना म्हणता येत नाही.

उलट बाजूचं काय? जंगल राखण्याची किंमत कोण भरतो? सेलू, कारंजा, आष्टीकडच्या जंगलालगतच्या वावरांत रात्री रोही येतात, रानडुकरं येतात. हरभरा घाटे धरतो तेव्हा आणि भुईमूग भरतो तेव्हा माणूस घरी झोपू शकत नाही. कडाक्याच्या थंडीत मळ्यावर शेकोटी करून जागल करावी लागते, डबा वाजवावा लागतो, आणि आजकाल जागलीला जाताना वाघाची धास्ती वेगळी. सकाळी अर्धं पीक लोळवलेलं दिसलं की पंचनाम्याच्या मागे फिरणं आलं. पर्यटक त्याच पट्ट्यातून उघड्या जिप्सीतून जातो, त्याला वाघ दिसला तर तो धन्य होतो. दोघांचा वाघ एकच आहे. एकाला त्याचा आनंद मिळतो, दुसऱ्याला त्याचा खर्च पडतो, आणि आनंद घेणाऱ्यानं भरलेल्या पैशातून खर्च सोसणाऱ्याच्या हाती काय पडतं, हा प्रश्न पर्यटनाच्या कोणत्या भाषणात येतो?

याच भागात नंद गवळी समाज पिढ्यान्‌पिढ्या गवळाऊ गाई राखत आला. पांढरीशुभ्र, काटक, वर्ध्याच्या उन्हात टिकणारी ही जात. राखीव जंगलांमुळे चराईची रानं आक्रसत गेली तशी या कळपांची अडचण झाली. ज्यांच्याकडे जिवंत, चालतं-फिरतं भांडवल होतं त्यांना ते कमी करायला लावायचं आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघत स्टॉलवर बसायला सांगायचं, हा उद्धार त्यांनी मागितला होता का?

शेतीत राम उरला नाही, हे तर सर्वांत संतापजनक वाक्य. तो कोणी काढून घेतला? 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग वर्ध्याजवळच्या वायफडला आले, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्या सहांत वर्धा होता. त्यानंतरही कापूस कच्चाच जिल्ह्याबाहेर जात राहिला. पुलगावची कापड गिरणी बंद पडलेलीच. हिंगणघाटला कापसाचा मोठा बाजार भरतो, पण तिथल्या जुन्या गिरण्यांचे भोंगे थांबले. पऱ्हाटी इथं, सरकी इथं, बराचसा धागा आणि कापड दुसरीकडे. गिरण्या बंद होताना जे गप्प राहिले तेच आता म्हणतात की शेतीला भविष्य नाही. भविष्य शेतीला नव्हतं की शेतमालावर काम करणारे हात रिकामे केले गेले?

हे वर्ध्यात तरी कोणी नव्यानं सांगायला नको. इथंच 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत येऊन बसले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, साबण असे उद्योग तिथं प्रयोग करून शिकवले जात. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनं औद्योगिक पाहणी त्यांच्यावर सोपवली तेव्हा त्यांनी शेकडो खेडी पालथी घातली. त्यांचा शोध एकाच गोष्टीचा होता: गावात काय पिकतं, त्यावर गावातच काय करता येतं, आणि मधला पैसा कोण नेतो. गांधीजी 1936 मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हाही झोपडी आसपास मिळणाऱ्या मातीची, लाकडाची आणि तिथल्याच कारागिरांच्या हातची असावी हा त्यांचा आग्रह होता. ती झोपडी पाहायला माणसं जगभरातून येतात. ती बांधण्यामागचा हिशेब मात्र तिथंच सोडून जातात, आणि त्यांच्या स्वागताच्या इमारतींचं सिमेंट, काच, लोखंड बाहेरून येतं.

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद घ्या. या गावाला लोक वायगाव हळद्या म्हणूनच ओळखतात. मृगाच्या आगेमागे लावलेली हळद माघाच्या सुमारास निघते. कंद खणायचे, माती झाडायची, मुळ्या तोडायच्या, मोठ्या कढईत शिजवायचे, मग पंधरवडाभर अंगणात, छतावर, जागा मिळेल तिथं वाळत घालायचे आणि शेवटी ढोलात घालून साल घासून काढायची. खणण्यापासून वाळवण्यापर्यंत बायांच्या हातांना काम मिळतं, घरोघर मिळतं. या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एवढ्या नावाजलेल्या मालाची पुडी सेवाग्रामला आलेल्या प्रत्येक बसमधल्या प्रत्येक माणसाच्या पिशवीत का जाऊ नये? त्यासाठी होमस्टे लागत नाही, रात्रीचा मुक्काम लागत नाही. दीड तास थांबणाऱ्या पर्यटकालाही ती घेता येते.

गोरस भांडारचा गोरसपाक हेच करून दाखवतो. वर्ध्याला आलेला पाहुणा परतताना गोरसपाकाची पेटी नेतोच. गाईच्या दुधातुपाचा तो खमंग, हातात घेताच भुगा होणारा पदार्थ म्हणजे आसपासच्या गावांत सकाळी काढलेलं दूध आहे. पाहुणा आला तर चार पेट्या जास्त खपतात, नाही आला तर वर्धेकर खातात. मगन संग्रहालयाच्या प्रयत्नांतून सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी निघते, तिथंही वाट तीच: आधी शेतकरी, मग कातणारी, विणणारा, रंगवणारी, आणि सर्वांत शेवटी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक पर्यटक आहे की गावकरी, यानं त्या साखळीला काही फरक पडत नाही. हे धंदे उद्या एखादी साथ आली आणि सहली थांबल्या तरी तगून राहतात. 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पर्यटनावर जगणाऱ्या गावांचं काय झालं ते देशानं पाहिलंच आहे.

मग कोकणाचं उदाहरण पुढे केलं जातं. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला, बघा तिथं कसं चाललंय! बघाच. तिथं आधी मासळी आहे, आंबा आहे, काजू आहे, मुंबईहून येणारा पैसा आहे, आणि तरीही तिथला तरुण मुंबई-गोव्याची गाडी पकडतोच. साताऱ्यातलं भिलार 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं आली. छान झालं. पण भिलारच्या माणसाच्या पायाखाली स्ट्रॉबेरीचं रान आहे, आणि पाचगणी-महाबळेश्वरला मुक्कामी असलेला पर्यटक त्याच्या दारावरून जातो. कासच्या पठारावर स्थानिक गावांच्या समित्यांच्या हाती प्रवेश शुल्क आहे, रोजच्या गर्दीवर मर्यादा आहे, म्हणून चार पैसे गावांत राहतात. हंगाम मात्र दीड-दोन महिन्यांचा. यातून शिकायचं तर एवढंच की पर्यटन तिथं टिकतं जिथं त्याच्याआधी दुसरं काहीतरी पिकतं आणि फाटकाची चावी गावाकडे असते. वर्ध्याला यातलं दुसरं कोणी देऊ करत नाही, पहिलं मात्र सोडून द्यायला सांगितलं जातं.

वर्धा जिल्ह्यातली दारूबंदी उठवा, पर्यटक थांबेल, असंही आता उघडपणे बोललं जातं. शेजारच्या चंद्रपूरची बंदी 2021 मध्ये उठल्यापासून या आवाजाला जोर आलाय. गुजरातेत दारूबंदी आहे. तिथं गीरचा सिंह पाहायला गर्दी होत नाही का? सोमनाथ, द्वारका ओस पडलीत का? नर्मदाकाठी सरदार पटेलांचा पुतळा 2018 मध्ये उभा राहिला, तिथं लोक दारूच्या ओढीनं जातात का? गजानन महाराजांच्या शेगावला (हे शेगाव वेगळं) दर्शनाला आलेला माणूस भक्त निवासात मुक्काम करतो, कारण तिथं स्वच्छ खोली आहे, परवडणारं जेवण आहे, रेल्वे थांबते. वर्ध्यात चोरटी दारू मिळते हे खरं, आणि ती पोलिसांनी बंद करावी. पण सेवाग्रामच्या जिल्ह्यात बार उघडल्यानं पर्यटकांकडून जे येईल त्याच्या कितीतरी पट मजुराच्या घरातून जाईल, हे मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या बाया सांगतात आणि त्यांचं ऐकलं पाहिजे.

आणि रस्ते. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो, 2022 च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. त्यावर ऑटो चालत नाही, दुचाकी चालत नाही, कडेला ऊसरसाची गाडी लागत नाही. येळाकेळीला उतरणारा उतरतो, बाकीचे ताशी शंभरच्या वर वेगानं जिल्हा पार करतात. ज्यांची वावरं त्यात गेली त्यांच्यासाठी तो रस्ता म्हणजे कुंपण आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या आराखड्याचं एक टोक पवनार, दुसरं गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी, लांबी सुमारे आठशे किलोमीटर. देवदर्शनाच्या नावावर किती काळी जमीन जाणार आणि बोरगावच्या किती घरांत त्यातून रोजी येणार, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायला काय हरकत आहे? खुद्द वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात 2020 मध्ये जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली तेव्हा वर्धेकरांनाच रस्त्यावर उतरावं लागलं. गांधीजींच्या वाटेवरची सावली तोडून गांधीजी पाहायला येणाऱ्यांची सोय करायची, ही कसली बुद्धी?

कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. नोंदणीला किमान एक एकर शेती हवी. बोरगाव-सावंगीच्या वस्त्यांतली शेतमजूर बाई, गवंडी, ऑटोवाला यांच्याकडे एकर सोडा, गुंठा नाही. त्यांच्यासाठी या सगळ्या चर्चेत कोणती जागा आहे? झाडू मारणं आणि भांडी घासणं? वावर विकून त्याच जागेवरच्या रिसॉर्टमध्ये पहारा करायला लागणं, याला रोजगारनिर्मिती म्हणायचं का?

वर्ध्याला आपल्या कापसाचं सूत आणि सुताचं कापड इथंच करायचं आहे, आपली हळद आपल्या नावानं विकायची आहे, गवळाऊच्या कळपाला चरायला रान हवं आहे. पर्यटकानं या मालाचं गिऱ्हाईक म्हणून यावं, त्याचं स्वागतच होईल. त्यासाठी जिल्हा प्रशासनानं पुढच्या हंगामाआधी करायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. बोरच्या फाटकावर जमणाऱ्या पैशाचा ठरलेला वाटा जंगलालगतच्या ग्रामसभांच्या खात्यावर जमा व्हावा आणि त्याचा हिशेब गावाच्या फलकावर लागावा. ताडोब्याच्या बफर गावांना असा वाटा मिळतो, तर बोरच्याही मिळू शकतो. पिकांच्या नुकसानीची भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडावी. सेवाग्राम, पवनार, गीताई मंदिर, बोरधरण इथं गाळे बांधले जातील ते बाहेरच्या कंत्राटदाराला लिलावात न जाता बचत गटांना मिळावेत, आणि त्यात वायगावची हळद, इथली खादी, इथलं तूप असावं. सरकारी विश्रामगृहांनी आणि यात्री निवासांनी डाळ, तेल, दूध जिल्ह्यातल्या गटांकडून घ्यावं. शाळांच्या सहलींनी एक जेवण गावात घ्यावं, टोपलीतली बोरं विकत घ्यावीत. वर्ध्याहून सेवाग्राम-पवनारला रात्री आठनंतरही बस असावी, कारण आज उशिरा आलेल्या पाहुण्याला स्टेशनवरून पुढे जायचीच पंचाईत होते. आणि हे सारं ठरवायला जी बैठक बसेल तिच्यात बोरगाव मेघे, हिंगणी आणि वायगावची माणसं मत देण्याच्या अधिकारासह बसलेली असावीत.